‘पाय घसरला’ या नोंदीआड

मालवणी मुलखात कोणी स्वतःहून जीवन संपवले, तर ती बातमी दोन भाषांत फिरते. मागीलदारी दबक्या आवाजात ‘जीव दिल्यान’ म्हणतात. ओटीवर, पोलीस पाटलांसमोर मात्र ‘पाय घसरलो’ एवढेच सांगितले जाते. मालवण तालुक्यात राहून ही दोन्ही वाक्ये मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. दुसऱ्या वाक्याने घराची अब्रू राखली जाते, हे खरे. पण त्याच वाक्याने देशाचा एक मोठा आरोग्यप्रश्न कागदाबाहेर राहतो. या लेखात मला त्या कागदाबाहेरच्या भागाविषयी लिहायचे आहे.

भारतातील आत्महत्यांचे अधिकृत आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्रसिद्ध करतो. त्यांचा उगम पोलीस ठाण्यात असतो. अनैसर्गिक मृत्यू घडला की आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, घरच्यांचे जबाब घेतले जातात आणि शेवटी कारण लिहिले जाते. २०१० साली या वाटेने आलेला देशाचा आकडा होता १,३४,५९९. त्याच वर्षासाठी ‘मिलियन डेथ स्टडी’ या मोठ्या पाहणीवर आधारलेला अंदाज मात्र सुमारे १,८७,००० होता, आणि तोही फक्त पंधरा वर्षांवरील व्यक्तींचा. या पाहणीत प्रशिक्षित कर्मचारी घरोघरी जाऊन मृत्यूपूर्वीच्या घटना शांतपणे विचारून घेत. तिथे पंचनामा नव्हता, खाकी वर्दी नव्हती. दोन आकड्यांतला पन्नास हजारांचा फरक मला ‘पाय घसरला’ या वाक्याचाच देशव्यापी हिशेब वाटतो.

अधिकृत आकडाही लहान नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. राज्याच्या लोकसंख्येशी ताडून पाहिले तर लाखामागे साधारण अठरा. आता हाच सरासरी दर आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. हा सिंधुदुर्गचा प्रत्यक्ष आकडा नव्हे, केवळ अंदाजाचा हिशेब आहे. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१. म्हणजे वर्षाला दीडशे मृत्यू, आठवड्याला तीन. जिल्ह्यात गावे साडेसातशेच्या आसपास. म्हणजे एका गावाच्या वाट्याला साधारण पाच वर्षांतून एक. पाच वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट गावाला प्रश्न वाटत नाही. ती त्या घराची गोष्ट वाटते, कोणाच्या स्वभावाची, कोणाच्या नशिबाची. जिल्ह्याच्या पातळीवर बेरीज केली की मात्र तीच गोष्ट साथीच्या रोगासारखी दिसू लागते. ‘सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न’ या जड शब्दांचा अर्थ एवढाच.

आत्महत्या म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विदर्भ-मराठवाड्यातला कर्जबाजारी शेतकरी येतो. ते दुःख खरेच आहे. २०२२ साली देशात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जणांची नोंद झाली, त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा. पण एकूण संख्येत हे प्रमाण सात टक्क्यांहून कमी आहे. रोजंदारीवर जगणारे सव्वीस टक्क्यांवर आहेत. मृत स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी आहेत. कारणांच्या रकान्यात कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के आणि आजारपण १८.४ टक्के, दिवाळखोरी वा कर्ज चार टक्क्यांच्या आसपास. अर्थात पोलिसांच्या नमुन्यात एकाच कारणावर खूण करावी लागते. प्रत्यक्षात आजारपण, दारू, घरातली धुसफूस, थकलेली उधारी आणि अंगात मुरलेले नैराश्य एकमेकांत गुंतलेले असते. ‘कोकणी माणूस कर्जापायी जीव देत नाही’ हे आपले आवडते वाक्य खरे मानले, तरी त्याने आपण सुरक्षित ठरत नाही.

इथली ओझी वेगळी आहेत. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढली, सिंधुदुर्गची मात्र १९,००० हून अधिक माणसांनी घटली. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, घर आठ-दहा दिवस भरते, मग पुन्हा दोन म्हातारी माणसे आणि एक बंद माडी. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यात पर्ससीनशी चाललेला पारंपरिक मच्छीमाराचा झगडा, आणि मे २०२१ मधल्या तौक्तेसारखे एखादे वादळ होड्या, जाळी, आंबा सगळे एका दिवसात घेऊन जाते. यातले कोणतेही ओझे एकटे माणसाला संपवत नाही. पण ते बोलायला जागा नसेल तर ते वाढत जाते. आपल्याकडे अशी एक मान्य जागा आहे, देवापुढचे गाऱ्हाणे. कौल घेणे, गाऱ्हाणे घालणे यात माणूस आपली अडचण चारचौघांत उच्चारतो, हे त्याचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र तिथून पुढे डॉक्टरपर्यंतची वाट अरुंद आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला. आणि ‘याला आता रत्नागिरीला न्या’ ही आपली जुनी थट्टा. ती ऐकत वाढलेला माणूस झोप उडाली, मन लागत नाही हे कोणाला सांगणार?

लपवण्यामागे लाजेइतकीच भीतीही होती. १८६०च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवत असे. वाचलेल्या माणसाला इस्पितळातून थेट पोलिसी चौकशीला तोंड द्यावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका पोलीस शिपायाच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये तसेच म्हटले, पण १९९६ मध्ये घटनापीठाने ते पुन्हा वैध ठरवले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने चित्र बदलले: प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेले नाही; सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. ही गोष्ट आपल्या वाडीवाडीत पोहोचलेली नाही. कायदा बदलला तरी भीती जुन्या कायद्याची राहते.

मग हे मृत्यू थांबवता येतात का? येतात, आणि याचा पुरावा आहे. टोकाचा आवेग बहुधा थोडा वेळ टिकतो. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्या करत नाहीत. श्रीलंकेने १९८०च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर सत्तर टक्क्यांनी उतरला, आणि शेतीचे उत्पन्न काही बुडाले नाही. देवगड-मालवणच्या हापूस बागायतदाराला यातून घेण्यासारखे आहे. मोहोरापासून फळापर्यंत फवारण्या चालतात आणि उरलेले औषध पडवीत राहते. ते कुलपात, राहत्या घरापासून लांब ठेवणे हा जीव वाचवणारा उपाय आहे.

दुसरा पुरावा आपल्याच राज्यातला. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघरी नैराश्याविषयी बोलायचे, धीर द्यायचा, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने हेच दाखवून दिले होते: डॉक्टर नसलेला, पण नीट शिकवलेला माणूस नैराश्यावर परिणामकारक मदत करू शकतो. आपल्याकडे आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, मच्छीमार सोसायट्या आहेत, मुंबईतली ग्रामस्थ मंडळे आहेत. माणसे आहेत, त्यांना हे काम शिकवायचे राहिले आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत हे मृत्यू दहा टक्क्यांनी घटवण्याचे त्यात उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर जिल्ह्याला आधी स्वतःचे आकडे हवेत, आणि त्यासाठी पाय घसरला की जीव दिला हे न घाबरता सांगता आले पाहिजे.

वाचकाच्या हाती आज एक गोष्ट आहे. कोणी बोलणे टाकले, जेवणखाण सोडले, निरवानिरवीची भाषा सुरू केली, तर ‘जगणे नको असे वाटते का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणसाला हलके वाटते. मग त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरकडे सोबत जावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस, मोफत चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो फोनमध्ये ठेवावा, चाकरमान्यांनी गावच्या घराच्या भिंतीवरही लिहून ठेवावा.