रद्द केलेली मागणी आणि दारी आलेला माल

मोबाइलवरून वस्तू मागविण्याची पद्धत आता खेडोपाडी पोहोचली आहे, आणि तिच्यासोबत तिचे तंटेही पोहोचले आहेत. त्यांपैकी एक तंटा दिसण्यात किरकोळ, परंतु घरोघरी गोंधळ उडविणारा आहे. मागणी रद्द झालेली असते, पैसे दिलेले नसतात, आणि तरीही माल दाराशी येतो.

समजा, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका शिक्षिकेने ३,४०० रुपयांचा मिक्सर मागविला. बँकेतून रक्कम वळती झाली नाही, तेव्हा तिने मागणी रद्द केली. "आपली मागणी रद्द करण्यात आली आहे" असा विक्रेत्याचा संदेशही आला. सहाव्या दिवशी ती शाळेत असताना खोके आले. पैसे कोणी मागितले नाहीत. घरातील वडीलधाऱ्या बाईंनी सही करून ते ठेवून घेतले. त्यानंतर तीन आठवड्यांनी दूरध्वनी सुरू झाले, की माल पोचला आहे, रक्कम भरा. शेजारचा एक जण म्हणतो, चूक त्यांची, वस्तू फुकट मिळाली, वापरा. दुसरा म्हणतो, सही झाली आहे, आता पैसे भरल्यावाचून गत्यंतर नाही. कायद्याच्या दृष्टीने हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

करार झाला होता काय?

या प्रश्नाचे मूळ भारतीय संविदा अधिनियम, १८७२ मध्ये आहे. संकेतस्थळावर वस्तू मांडणे म्हणजे दुकानाच्या कपाटात ती मांडून ठेवण्यासारखेच होय. ते गिऱ्हाइकाला दिलेले निमंत्रण असते. गिऱ्हाईक मागणी नोंदविते तेव्हा ते प्रस्ताव करते, आणि विक्रेता तो स्वीकारतो तेव्हा करार होतो. अनेक विक्रेत्यांच्या अटींमध्ये माल रवाना केल्याची सूचना हाच स्वीकार समजावा, असे लिहिलेले असते. कलम ५ अन्वये स्वीकाराची सूचना प्रस्ताव करणाऱ्याच्या दृष्टीने पूर्ण होण्यापूर्वी, म्हणजे ती स्वीकारणाऱ्याच्या हातून निघून जाण्यापूर्वी, प्रस्ताव मागे घेता येतो. माल व त्याची सूचना निघण्यापूर्वीच मागणी रद्द झाली असेल, तर अशा अटींखाली करार झालाच नाही. रद्द केल्याचा संदेश "मिळालाच नाही" ही सबबही सहसा टिकणारी नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ प्रमाणे, वेगळे ठरलेले नसल्यास, विक्रेत्याने नेमून दिलेल्या संगणक यंत्रणेत संदेश शिरला की तो मिळाला असे धरले जाते. तो कोणी वाचला की नाही, हा प्रश्न उरत नाही.

करार आधीच पूर्ण झाला असेल तर? तेव्हा एकट्या गिऱ्हाइकाच्या मर्जीने तो मोडत नाही, हे खरे. परंतु विक्रेत्यानेच रद्द करण्याची सोय ठेवली आणि रद्द झाल्याचे कळविले, तर दोन्ही पक्षांनी मिळून करार विसर्जित केला असा त्याचा अर्थ होतो. कलम ६२ प्रमाणे असा करार पाळण्याचे बंधन कोणावरही राहत नाही. यासाठी विक्रेत्याचा तो एक ओळीचा संदेश जपून ठेवणे अगत्याचे आहे. पुढे सारे प्रकरण त्यावरच उभे राहते.

खोके मिळाल्याची सही ही किंमत देण्याची कबुली नव्हे. ती केवळ पोच आहे. जुन्या काळी पुस्तके व औषधे व्ही. पी. पी. ने येत, तेव्हा पैसे मोजल्याखेरीज पोस्टमन पार्सल हातात देत नसे, आणि नाकारलेले पार्सल निमूटपणे पाठविणाऱ्याकडे परत जाई. आता माल आधी हाती येतो व हिशेब मागाहून होतो. म्हणून पोचेची सही आणि खरेदीची संमती यांची गल्लत होऊ लागली आहे.

माल कोणाचा?

करार नाही, म्हणून किंमत देणे नाही, इथपर्यंत ठीक. पण यावरून वस्तू घेणाऱ्याची झाली असा निष्कर्ष निघत नाही. संविदा अधिनियमाच्या कलम ७२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की चुकीने मिळालेली रक्कम किंवा वस्तू परत केली पाहिजे. कलम ७० मध्ये तर या प्रसंगाचे जणू चित्रच काढले आहे. एक व्यापारी चुकून दुसऱ्याच्या घरी माल ठेवून जातो, आणि तो दुसरा मनुष्य तो माल आपलाच समजून वापरतो. अशा वेळी त्याने व्यापाऱ्याला मोबदला दिला पाहिजे, असे उदाहरण त्या कलमाखाली दिलेले आहे. दीडशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांपुढे बैलगाडीतून माल आणणारा व्यापारी असावा. तत्त्व मात्र आजच्या खोक्याला तंतोतंत लागू पडते.

म्हणजेच, त्या शिक्षिकेवर पैशाचे देणे मिक्सर आल्यामुळे उत्पन्न होत नाही. तो बाहेर काढून वापरला, कोणाला दिला किंवा विकला, तर ते उत्पन्न होते. वस्तू चुकीने आली आहे हे कळल्यानंतरही अप्रामाणिकपणे ती बळकावली, तर प्रकरण फौजदारी वळणही घेऊ शकते. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१४ मध्ये अशा अपहारास किमान सहा महिने ते दोन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. मिक्सरच्या खोक्यासाठी कोणी तेथवर जाईल असे नव्हे, पण "फुकट मिळाले" म्हणणाऱ्यास हे ठाऊक असावे.

अमेरिकेत न मागविलेला, टपालाने आलेला माल भेट समजून ठेवून घेण्याची मुभा १९७० च्या कायद्याने दिली. ब्रिटनमध्येही १९७१ पासून त्या धर्तीच्या तरतुदी होत आल्या. मोबाइलवर फिरणारे बरेच सल्ले तिकडून उचललेले असतात. भारतात तसा सरसकट नियम नाही.

परत पाठविण्याचा भार

माल परत करायचा याचा अर्थ शिक्षिकेने खोके डोक्यावर घेऊन तालुक्याच्या कुरिअर कार्यालयात जावे आणि पदरचे पैसे भरावेत, असा नाही. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४३ नुसार, माल नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदाराने, वेगळे ठरलेले नसल्यास, तो परत पोचविण्याची गरज नाही. आपण तो नाकारत आहोत एवढे विक्रेत्याला कळविणे पुरेसे आहे. खरेदीदाराला एवढे संरक्षण असेल, तर ज्याची खरेदीच रद्द झाली त्याला त्याहून कमी मिळावे, हे सयुक्तिक ठरणार नाही. माल उचलून नेणे हे ज्याने तो चुकून पाठविला त्याचे काम, आणि वाहतुकीचा खर्चही त्याचाच.

मात्र गप्प राहणे धोक्याचे. त्याच अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये असे आहे, की नकार न कळविता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे मानले जाते. ही तरतूद जिवंत कराराला लागू असली, तरी करार रद्द झाला होता की नाही याविषयीच वाद असेल तेव्हा विक्रेता तिचाच आधार घेईल. म्हणून खोके आले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी कळवावे: मागणी अमुक तारखेस रद्द झाली, माल चुकीने आला आहे, तो न वापरता ठेवला आहे, आपल्या खर्चाने घेऊन जावा. सोबत न फोडलेल्या खोक्याचे छायाचित्र असावे. किती दिवस वाट पाहावी याची मुदत कायद्याने ठरविलेली नाही. पंधरवड्याची मुदत लिहून देणे व्यवहाराला धरून होईल. मुदत उलटली तरी वस्तू आपली होत नाही, परंतु योग्य काळजी घेऊनही तिचे काही झाले तर दोष घेणाऱ्यावर येणे कठीण होते. नाशवंत माल असेल तर तेही त्याच दिवशी कळवावे.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये प्रत्येक ई-वाणिज्य संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमावयाचा असून, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एक महिन्यात निवारण द्यावयाचे आहे. मागणी रद्द केल्याबद्दल ग्राहकाकडून आकार घेण्यासही हे नियम मनाई करतात. संस्थेने स्वतःहून मागणी रद्द केल्यास तीही तसाच आकार सोसणार असेल तरच तो घेता येतो. येथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. पैसेच दिले नाहीत तर हा ग्राहक कसा, असा आक्षेप विक्रेता घेईल. त्याला उत्तर असे, की अधिनियमातील व्याख्येत दिलेल्या मोबदल्याप्रमाणेच देऊ केलेला मोबदलाही येतो. तरीही रद्द झालेल्या मागणीच्या बाबतीत अंतिम निर्णय आयोगाचाच राहील.

हे सारे केवळ मोठ्या कंपन्यांविरुद्ध वाचावयाचे नाही. गावोगावचे बचत गट आता पापड, चटण्या, मसाले याच मार्गाने विकतात. रद्द झालेल्या मागणीचे पाकीट त्यांच्याकडूनही चुकून रवाना होते, आणि तेथे दोनशे रुपयांचा माल बुडणे म्हणजे एखाद्या बाईची दिवसाची मजुरी बुडणे असते. कलम ७० आणि ७२ त्यांच्यासाठीही आहेत. गटानेही रद्द झालेल्या मागण्यांची वेगळी नोंद ठेवावी आणि चूक झाली तर वसुलीचा नव्हे, परत नेण्याचा निरोप पाठवावा.

आणखी एक गोष्ट ग्रामपंचायत सदस्यांच्या व मुख्याध्यापकांच्या पाहण्यातील आहे. घर बंद असले की कुरिअरवाला पार्सल पंचायतीच्या किंवा शाळेच्या शिपायाकडे ठेवून जातो, आणि सही त्याची होते. अशा पार्सलांसाठी एक साधी वही ठेवून तारीख, नाव आणि नेणाऱ्याची सही एवढे लिहिले, तर पुढे माल कोणी, केव्हा आणि कोणत्या स्थितीत घेतला याचा वाद उरत नाही. विक्रेत्याचा माणूस चुकीचा माल परत न्यायला येईल तेव्हा त्याचीही सही त्याच वहीत घ्यावी.