औषधाला दाद न देणारे जंतू

हातकणंगल्याच्या रोग्याला शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूर-मिरजेस नेतात. शस्त्रक्रिया नीट पार पडते, घरची माणसे निर्धास्त होतात, आणि चार दिवसांनी रोग्याला थंडी वाजून ताप भरतो. जखम तर स्वच्छ असते. मग हा ताप आला कोठून? पुष्कळदा त्याचे मूळ लघवीसाठी घातलेल्या नळीत असते.

एरवी मूत्रमार्गात शिरलेले जंतू लघवीबरोबर धुऊन जातात. नळी मात्र त्यांना आधार देते. ते तिला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करून त्याच्या आड नांदतात. त्या थरात औषधाचा प्रभाव कमी पडतो. हे जंतू बहुधा आपल्याच आतड्यातले, इ. कोलाय किंवा क्लेब्सिएला जातीचे असतात.

औषध दिले की दुबळे जंतू मरतात व चिवट तेवढे उरतात. आपल्या उसावरच्या किडीचा अनुभवही असाच आहे. पण इ. कोलाय अनुकूल स्थितीत सुमारे 20 मिनिटांत एकाचे दोन होतात. शिवाय हा चिवटपणा ज्या जनुकांत असतो, ती जनुके एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो.

पिंपरीच्या कारखान्यात 1955 साली पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्याच्या 10 वर्षे आधीच, 1945 च्या नोबेल व्याख्यानात, फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेचा धोका सांगून ठेवला होता. पुढे 2008 साली, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रोग्याच्या लघवीत कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारा क्लेब्सिएला सापडला. त्याच्या जनुकाला एनडीएम-1 हे नाव मिळाले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 जंतूंत तेच जनुक आढळले.

मग आपण काय करावे? नळीची गरज अजून आहे का, हे डॉक्टरांना रोज विचारावे. नळीस हात लावण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत; पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवावी. शक्यतो औषधापूर्वी लघवीचा नमुना तपासणीस द्यावा, म्हणजे कोणते औषध लागू पडेल ते कळते. ताप वा त्रास नसताना नळीतल्या लघवीत नुसते जंतू दिसले, तर बहुधा औषध लागत नाही.

दुकानातून मनाने घेतलेल्या दोन गोळ्या ही आपली खाजगी बाब आहे, असे आपण समजतो. परंतु त्यांतून वाचलेला जंतू शेजारच्या खाटेवरील रोग्यापर्यंत पोहोचतो, आणि त्या वेळी डॉक्टरांच्या हाती औषध उरलेले नसते.