मुद्द्यांवरून गोष्ट

दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, तिला समर्पक शीर्षक द्या आणि तात्पर्य सांगा, हा मराठीच्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न ज्याने सोडविला नाही असा शाळा शिकलेला मनुष्य आपल्याकडे विरळाच. परंतु गोष्ट मुलाच्या हातून नेमकी कशी घडते, याचा विचार मी प्रथम केला तो मेहकर तालुक्यातील आमच्या शाळेत, एकच गोष्ट दुसऱ्यांदा लिहिताना.

मुद्दे नेहमीचेच होते : वृद्ध शेतकरी, आळशी मुलगे, पुरलेले धन, खणलेले शेत, भरघोस पीक. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसपनीती मराठीत आणली त्या काळापासून शालेय गोष्टीचा हाच साचा चालत आलेला, आणि माझ्या पहिल्या खर्ड्यात त्या साच्याबाहेरचे एक अक्षर नव्हते. गुरुजींनी तो शांतपणे वाचला व एवढेच विचारले, की या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी किती परसांवर आहे? मला सांगता येईना. आमच्या विहिरीचे विचारले असते तर तत्काळ सांगितले असते.

तेव्हा धनाचा हंडा बाजूस सारून मी आमची विहीर लिहावयास घेतली. भर उन्हात बैल धावेवरून उतरत असता नाडा तुटला, भरलेली मोट थारोळ्यापर्यंत न पोचताच आत कोसळली, आणि ओढीचा भार एकाएकी नाहीसा झाल्यामुळे बैल गुडघ्यांवर आले. अशा वेळी वडील विहिरीत डोकावले नाहीत, प्रथम बैलांकडे धावले. नाडा तुटणे ही नुसती हकीकत होय. तो तुटल्यावर कोण कोणाकडे धावले, हे दिसू लागते तेथे कथा सुरू होते, असे मी आजही मानतो. हरिभाऊ आपटे १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून स्फुट गोष्टी लिहू लागले, तेव्हा बोध त्यांनीही सोडला नाही, पण साध्या घरांतील माणसांच्या वागण्यात तो मुरविला.

सर्वांत अडलो ते वडिलांच्या तोंडच्या वाक्याशी. ‘बैलांना अगोदर पाणी पाज’ असे शुद्ध करून लिहिले, तर कोणी परका गृहस्थ आमच्या विहिरीवर उभा राहून बोलतो आहे असे वाटे. ते खोडून ‘बैलायले आंधी पानी पाज’ असे लिहिले मात्र, वडील कागदावर आले. आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा मला त्या खाडाखोडीची आठवण झाली, आणि इकडच्या शेतकऱ्याच्या घरातील बोलणे साहित्यात सन्मानाने नांदू शकते याचा अपार आनंद वाटला. वऱ्हाडच्या मुलांच्या वह्यांतील अशी वाक्ये लाल शाईने सरसकट खोडू नयेत, ही माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे.

राहिले तात्पर्य. ‘उद्योगाचे फळ गोड’ असे लिहिले, पुसले. ‘भूतदया हाच धर्म’ असे लिहिले, तेही पुसले. अखेर दिवेलागणीच्या वेळी वडील नाड्याला सांधा देत बसले आहेत आणि त्याचे दुसरे टोक मी ताणून धरले आहे, एवढ्यावर गोष्ट थांबविली. गुरुजींनी तात्पर्याचे गुण नियमाप्रमाणे कापले. मात्र वही परत देताना त्यांनी हलकेच विचारले, ‘बैल पुन्हा जुंपले केव्हा रे?’