पाऊस मोजणारी रेल्वे

रत्नागिरीहून गोव्याकडे निघालेली गाडी निवसर स्थानकाच्या आधी पानवल नदीचा पूल ओलांडते. पुलाची लांबी ४२४ मीटर, उंची सुमारे ६४ मीटर. आपण खिडकीतून दरी पाहत असतो तेव्हा पुलावरचे एक लहानसे यंत्र वारा मोजत असते. वायुवेगमापक आपल्याला नवा नाही. वाट्यांचा नमुना आपण वर्गात करतोच. पण एका रेल्वे कंपनीला वाऱ्याचा आकडा कशाला हवा?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ८० झाला तर डब्याच्या बाजूवरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून ‘आज वारा फार आहे’ एवढ्याने भागत नाही. गाडी सोडायची की थांबवायची, हे ठरवायला आकडाच लागतो.

पावसाचेही तसेच. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर कोकण रेल्वेने स्वयंनोंदी पर्जन्यमापक बसवले आहेत. सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पाण्याची पातळी वाढताच इशारा देणारी व्यवस्था आहे. आता पर्जन्यमापकातले मिलिमीटर ही नुसती नोंद झाली. तो पाऊस किती तासांत पडला, त्याआधी जमीन किती भिजलेली होती, तिथे डोंगर कापून काढलेली खिंड आहे का, हे तिच्याशी जोडले की तिची माहिती होते. ही माहिती नियंत्रण कक्षात वेळेवर पोचली तरच तिचा उपयोग. गस्त घालणाऱ्या माणसाने पाहिलेली दरड हीसुद्धा माहितीच, आणि आमच्या मते अजूनही सर्वांत मोलाची.

याची किंमत कोकणाला ठाऊक आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीने प्रवाशांचे बळी घेतले.

मग पावसात प्रत्येक चालकाने आपापल्या अंदाजाने गाडी हळू चालवावी, एवढे पुरे नाही का? नाही. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण पुढचा बहुतेक मार्ग एकेरी आहे. समोरासमोरच्या गाड्या स्थानकातच एकमेकींना ओलांडू शकतात. एक गाडी अर्धा तास रखडली की समोरची खोळंबते, तिच्यामुळे तिसरी. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, असा नियम आहेच. शिवाय संपूर्ण ऋतूसाठी सावकाश धावणारे वेगळे वेळापत्रक आधीच आखले जाते. त्यात गाड्या जास्त वेळ अडकतात, म्हणजे खर्च आला. पण तो मोजता येणारा, ठरवून केलेला खर्च.

हे पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झाले. रत्नागिरीच्या पावसाचे मागील काही वर्षांचे रोजचे आकडे मिळवून, २० ते ३१ ऑक्टोबर या दिवसांत किती पाऊस पडला, याचा आलेख नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा आणि ही तारीख त्यांनी कोणती धरली असती, ते विचारावे.