झोंबीनं पळावं की चालावं?

भीतीचा पडदा : भाग 6

सेकंड शिफ्ट सुटून बस चाकणच्या आंबेठाण चौकातून बाहेर पडते तेव्हा मध्यरात्र होत आलेली असते. कुरुळी, चिंबळी फाटा मागे पडतो आणि मोशीच्या अलीकडे बस कंटेनरच्या रांगेत अडकते. निम्मी बस झोपलेली. माना खांद्यावर पडलेल्या, तोंडं अर्धवट उघडी, पायात अजून सेफ्टी शूज. मागच्या सीटवर दोघांत मिळून एक मोबाईल, त्यावर ‘झोंबिवली’ चालू. एक जण पुढच्या रांगेकडे बोट दाखवतो, “डोंबिवलीला कशाला गेले रे? इथंच उरकलं असतं शूटिंग.”

मग वाद पेटतो. ‘झोंबिवली’च्या दिग्दर्शकानं, आदित्य सरपोतदारांनी, पुन्हा झोंबीपट करावा का?

‘झोंबिवली’ 26 जानेवारी 2022 ला लागला. कोविडमुळे थिएटरं निम्म्याच खुर्च्यांवर चालली होती. पडद्यावर साथ, पडद्याबाहेरही साथ, आणि मधे मास्क लावलेला प्रेक्षक. अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी या तिघांचा हा सिनेमा. त्यानंतर दिग्दर्शक हिंदीत गेले. जून 2024 मध्ये लागलेल्या ‘मुंज्या’नं 100 कोटींच्या वर धंदा केला, त्याच वर्षी ‘काकुडा’ आला, 2025 च्या दिवाळीत ‘थामा’. एका गटाला वाटतं, आता मागं वळायचं कारणच काय? पिंपळावरचा मुंजा हा आपला माणूस, झोंबी परका. (गावाच्या नावांतच पिंपळ, चिंच आणि वड असलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये हा मुद्दा हमखास टाळ्या घेतो.) दुसऱ्या गटाचं म्हणणं, भुतं काय कुणीही करेल; झोंबीला मराठी रेशनकार्ड सरपोतदारांनी काढून दिलं, ते रिन्यू त्यांनीच करावं.

झोंबी परका, हे खरं. पण किती परका? त्याचं मूळ हैतीत. तिथल्या लोककथांत झोंबी कुणाला खात नाही. मांत्रिक मेलेल्याला उठवतो आणि कामाला जुंपतो, एवढंच. ना पगार, ना सुट्टी, ना तक्रार. उसाच्या मळ्यांवर गुलामगिरी भोगलेल्या लोकांची ही भीती होती, की मेल्यावरही पाळी संपणार नाही. 1932 च्या ‘व्हाइट झोंबी’त तर असे मुडदे साखरेच्या घाण्यावर राबताना दिसतात. चाकणच्या बसमध्ये हे सांगितलं तर हसावं की गप्प बसावं, असा प्रश्न पडेल.

माणूस खाणारा मुडदा आणला जॉर्ज रोमेरोनं, 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये. गंमत म्हणजे त्या सिनेमात झोंबी हा शब्दच नाही. 1985 नंतर त्यानं झोंबीपट दिग्दर्शित केला नाही आणि थेट 2005 मध्ये ‘लँड ऑफ द डेड’ घेऊन परतला. तोवर जग बदललं होतं. डॅनी बॉयलनं 2002 मध्ये ‘28 डेज लेटर’मधले रोगी पळवले. 2004 मध्ये झॅक स्नायडरनं रोमेरोच्याच ‘डॉन ऑफ द डेड’चा रिमेक केला आणि त्यातले मुडदेही धावू लागले. रोमेरोला हे कधी पटलं नाही. मेलेल्या माणसाचे घोटे असं धावणं सोसणार नाहीत, असं त्याचं साधं शरीरशास्त्र होतं. पुढे स्नायडर 2021 मध्ये झोंबीकडे परतला, बॉयल 2025 मध्ये.

पळणं-चालणं यावर चाहते रात्र काढतात, पण खरा वाद तो नव्हे. भीती कशाची, हा आहे.

आपल्याकडचं जुनं उदाहरण घ्या. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (1993) अमेरिकेच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून (1988) उचललेला, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तिकडचा चकी ही कारखान्यात बनलेली, डब्यात बंद होऊन घरोघरी जाणारी बाहुली; दुसऱ्या भागाचा शेवट तर बाहुल्यांच्या कारखान्यातल्या असेंब्ली लाइनवरच होतो. कोठारेंनी कारखाना काढून टाकला आणि बाहुला दिला बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या लक्ष्याच्या (लक्ष्मीकांत बेर्डे) हाती. तात्या विंचूचा तो बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी. पाध्यांचे खेळ पाहून वाढलेल्या प्रेक्षकाला बाहुला बोलण्याचं नवल नव्हतंच. लक्ष्याचे ओठ मिटलेले असतानाही बाहुला बोलतो, यात विशेष काय? तोच तर त्याचा धंदा! त्यामुळे बाहुला खरोखर जिवंत आहे हे लक्ष्यानं कितीही ओरडून सांगितलं तरी कुणाला पटणार नाही. ही गाठ मूळ सिनेमात नाही. बरोबर 20 वर्षांनी, 2013 मध्ये, कोठारे ‘झपाटलेला 2’ घेऊन आले. थ्रीडी होतं, तात्या होता, लक्ष्मीकांत बेर्डे मात्र नव्हते. बाहुला अंगावर आला, पण ती गाठ सुटलेलीच राहिली.

विशाल फुरिया यांनी उलटी वाट धरली. ‘लपाछपी’ (2017) हा त्यांचा मराठी सिनेमा. त्याचाच हिंदी रिमेक त्यांनीच ‘छोरी’ (2021) नावानं केला, 2025 मध्ये ‘छोरी 2’ही आला. गरोदर बाई, चहूबाजूंनी ऊस, पोटातच मारल्या जाणाऱ्या मुलींचा विषय. हिंदीत पैसा दिसतो, चित्रीकरण देखणं आहे. तरी मराठीतला ऊस जास्त घाबरवतो. निदान जुन्नर-खेडहून कामाला येणाऱ्यांना विचारा. त्यांच्या घरी संध्याकाळनंतर उसाकडे जायचं नाही ही ताकीद भुतामुळे नसते, बिबट्यामुळे असते. मादी उसातच पिल्लं घालते आणि तोडणीच्या वेळी ती सापडतात. उसातून पानं सळसळल्याचा आवाज ज्यानं कान देऊन ऐकलाय, त्याला पार्श्वसंगीत लागत नाही.

‘झोंबिवली’ची मेखही अशीच घरची. तिथं साथ पसरते ती प्रयोगशाळेतून नव्हे, बाटलीबंद पाण्यातून. आणि टॉवरवाल्यांना पाणी, वस्तीला ठणठणाट, हे भांडण त्याच्या मुळाशी आहे. उत्तरार्धात सिनेमा जरा भाषण देऊ लागतो, हे मान्य. पण पाणी निवडलं हे अचूक. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड येतं. पवना धरणातून या शहरासाठी यायच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळातल्या आंदोलकांवर 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ गोळीबार झाला, तीन जण गेले. मोशीच्या पुलाखालून वाहणारी इंद्रायणी पुढे आळंदीला पांढऱ्या फेसानं भरून येते. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी त्यात असतं, आणि वारकरी त्याच पाण्यात उतरतात. पटकथा लिहायला आणखी काय हवं?

तेव्हा सरपोतदारांनी परत यावं, मराठीत यावं आणि या खेपेला लोकलऐवजी कंपनीची बस घ्यावी. झोंबी मात्र चालणारेच हवेत. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये पळायला जागा नाही.

(पुढील आठवड्यात : रामसे बंधूंचे वाडे)