मृत्युपत्रातला पाव

न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चला जॉन लीक यांच्या १७९२ मधल्या मृत्युपत्रातून १,००० पौंड मिळाले. त्याच्या उत्पन्नातून गव्हाचे सहा-सहा पेनीचे पाव आणायचे आणि दर रविवारी उपासना आटोपली की गरिबांना वाटायचे, एवढीच अट. शंभर वर्षांनंतरही हे वाटप चालू होते!

अमेरिकेतल्या एपिस्कोपल पंथाच्या १९७९ च्या प्रार्थनाग्रंथात तर पाद्र्यांना सूचनाच आहे: धडधाकट असतानाच मृत्युपत्र करा आणि ऐपत असेल तर त्यात धर्मकार्यालाही वाटा ठेवा, असे लोकांना अधूनमधून सांगावे. गंमत म्हणजे ही सूचना मूल जन्मल्याच्या आभारविधीच्या शेवटी छापली आहे.

बिशप हेन्री नॉक्स शेरिल यांनी १९४९ मध्ये स्थापलेले एपिस्कोपल चर्च फाउंडेशन आज अशा दानांची व्यवस्था पाहते. एका योजनेत दात्याला हयातभर ठरावीक रक्कम मिळते, उरलेले चर्चला जाते.