साचा कुठे आहे?

मी रोह्याचा. कविता लिहितो. २००७ साली माझ्या काही बालकविता पेणच्या भाच्याने फ्लॅशमध्ये बसवल्या. शब्दावर क्लिक केलं की बेडूक उडी मारायचा. ब्राउझरमध्ये उघडून शेजारच्या पोरांना दाखवायचो. २०२१ च्या जानेवारीत उघडलं, तर पडद्यावर नुसता रिकामा चौकोन!

फाईल जागेवर होती, बिघडलेलीही नव्हती. गेला होता तो दुभाष्या. फ्लॅशमधली वस्तू ब्राउझरला थेट कळत नाही. तिचं म्हणणं समजावून सांगणारा फ्लॅश प्लेअर मध्ये लागतो. अशा दुभाष्याला जाणकार ‘रनटाइम’ म्हणतात. आपली रचना आपली असते, पण दुभाष्या कंपनीचा. फ्लॅशमधली सुरक्षेची भोकं बुजवता बुजवता पुरेवाट होत होती. त्यात एचटीएमएल-५ आल्यावर त्याच्याशिवाय ब्राउझरचं भागू लागलं. ॲडोबीने जुलै २०१७ मध्ये जाहीर केलं, ३१ डिसेंबर २०२० ला पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून खुद्द प्लेअरच काम नाकारू लागला. म्हणजे साडेतीन वर्षांची नोटीस होती. ती आम्ही वाचली नाही, हे कबूल.

आम्ही एकटेच नव्हतो. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्येच अडकले होते. त्या खात्याने जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅश चालवणारा स्वतःचा ब्राउझरच काढला. मला तो उपाय धोक्याचा वाटतो. ज्याची डागडुजी बंद झाली, त्याच्या हाती करदात्यांची कागदपत्रं?

भाचा म्हणाला, “मामू, रफल लावून बघू.” रफल हा स्वयंसेवकांनी लिहिलेला नवा दुभाष्या. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून जुने फ्लॅश खेळ त्याच्याच आधारे चालू ठेवले आहेत. आमचा बेडूकही पुन्हा उडाला.

मग मला एका ओळीतला राहिलेला अनुस्वार द्यावासा वाटला. तो काही देता येईना. हाती होती ती तयार फाईल. जिच्यात बदल करता येतो ती मूळ फाईल जुन्या हार्ड डिस्कबरोबर आम्हीच भंगारात दिलेली. पेणच्या कारखान्यातून गणपती विसर्जनाला जातो, साचा मात्र कारखान्यातच राहतो. पेणमध्ये वाढलेल्या पोराला हे मी काय सांगणार!

आता तो त्या कविता एचटीएमएलमध्ये नव्याने बसवतो आहे. मूळ फाईलची एक प्रत पेणला, एक माझ्याकडे रोह्याला. बेडूक या वेळी जरा जाडा होणार आहे म्हणे.